टेनपिन बोलिंग : आतल्या लाईनवर गेलं की नेम का बिघडतो?

सुमंत_जर्सी

नमस्कार मंडळी. अमेरिकेत आणि इतरत्र लीग खेळणारे बरेच जण इथे आहेत हे मागच्या धाग्यांवरून कळलं, म्हणून हा प्रश्न इथेच टाकतोय.

मी उजव्या हाताने खेळतो. पाच पावलांचा अप्रोच, १५ पौंडी रिॲक्टिव्ह (लेनवर पकड घेऊन वळणारा) बॉल. गुरुवारी संध्याकाळी लीग असते, तीन गेम. पहिला गेम दुसऱ्या ॲरोवरून (लेनवरच्या बाणाच्या खुणेवरून), म्हणजे १० नंबरच्या बोर्डावरून (फळीवरून), मजेत जातो. दुसऱ्या गेमच्या मध्यापर्यंत तिथलं ऑइल उडतं, बॉल लवकर वळायला लागतो आणि सरळ हेडपिनच्या (सगळ्यात पुढच्या पिनच्या) तोंडावर जाऊन आदळतो. मग नेहमीप्रमाणे पाय दोन बोर्ड, नजर एक बोर्ड असं करत डावीकडे सरकतो.

चौथ्या ॲरोपर्यंत, म्हणजे २० बोर्डापर्यंत, पोचलो की सगळं विस्कटतं. एक बॉल झकास पॉकेटमध्ये, म्हणजे हेडपिन आणि तिच्या उजवीकडच्या पिनच्या मधल्या फटीत. पुढचा अगदी तसाच टाकला असं वाटतं आणि तो ब्रुकलिनला, हेडपिनच्या उलट्या म्हणजे डाव्या बाजूला, जातो. त्याच्या पुढचा उजवीकडेच वाहून जातो आणि समोर १-२-१० चा वॉशआउट (हेडपिनसकट विखुरलेल्या पिना) उभा. यात विचित्र गोष्ट ही की ॲरो चुकत नाही. टीममधला एक जण मागे उभा राहून बघत होता, तोही म्हणाला की बॉल २० वरूनच जातोय.

प्रश्न दोन आहेत. इतक्या आतून खेळताना नजर नेमकी कुठे ठेवायची? आणि हे सातत्य आणायचं कसं?

मेधा_ओहायो

छान प्रश्न. आमच्या लीगमधल्या अर्ध्या लोकांचं दुखणं हेच आहे.

ॲरोचं सांगितलंत, पायाचं नाही सांगितलं. उभे राहता तेव्हा डावा पाय कुठल्या बोर्डावर असतो आणि बॉल सोडल्यावर तो फाऊल लाईनपाशी (लेन सुरू होते त्या रेषेपाशी) कुठे थांबतो? हे दोन आकडे मिळाले तर पुढे बोलता येईल.

पराग७७

वाचतोय. मुलीच्या वाढदिवसाला बंपर (बॉल गटारात जाऊ न देणारे कठडे) लावून खेळलो तेवढाच माझा अनुभव, आणि त्यातही ती जिंकली. :) पण हे ऑइल काय प्रकरण आहे? लेनला तेल लावतात?

मेधा_ओहायो

@पराग७७, हो. सगळा खेळ त्यावरच आहे आणि ते डोळ्यांना धड दिसत नाही.

फाऊल लाईनपासून हेडपिनपर्यंत लेन ६० फूट लांब. रुंदीत ३९ फळ्या, त्यांना बोर्ड म्हणतात. उजव्या हाताने खेळणारे उजवीकडून मोजतात, हेडपिन बरोबर मध्ये २० व्या बोर्डावर. यंत्राने साधारण पहिले ४० फूट ऑइल घालतात, पुढचे २० फूट कोरडे. लीगच्या नेहमीच्या हाऊस पॅटर्नमध्ये (ऑइलच्या मांडणीत) ऑइल मध्यभागी दाट आणि दोन्ही कडांना पातळ असतं. ऑइलवर बॉल घसरतो, कोरड्यावर पकड घेऊन वळतो.

त्यामुळे पहिल्या गेमला चूक पोटात घातली जाते. बॉल जरा आत गेला तर दाट ऑइल त्याला वळू देत नाही, बाहेर गेला तर कोरडे बोर्ड त्याला परत आणतात. पण प्रत्येक बॉल आपल्याबरोबर थोडं ऑइल उचलून नेतो. सगळेच दुसऱ्या ॲरोवरून खेळत असतील तर तिथे तासाभरात वाळवंट होतं. मग ताजं ऑइल शोधत आत जावं लागतं आणि तिथून बॉल लेनभर आडवा बाहेर काढून परत वळवावा लागतो. सुमंत ज्याला आतली लाईन म्हणताहेत ती हीच.

पराग७७

धन्यवाद. आता कळलं की बघताना सोपं का वाटतं.

विनायक_कागदपेन्सिल

मेधाताईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. हिशोब मांडून दाखवतो.

रेषेला दोन बिंदू लागतात. एक ॲरो, आणि दुसरा म्हणजे बॉल जिथे लेनवर टेकतो तो बोर्ड. चौथा ॲरो फाऊल लाईनपासून १६ फुटांच्या जरा अलीकडे असतो, सोयीसाठी १६ धरू. ऑइल ४० फुटांना संपतं. ४० मधून ३१ वजा केले की ९ उरतात. पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करून ब्रेकपॉइंटचा, म्हणजे बॉल परत वळायला लागतो त्या जागेचा, बोर्ड काढायचा हा नियम बहुतेकांना माहीत असेल. म्हणजे ऑइल संपतं तिथे बॉल ९ व्या बोर्डाच्या आसपास हवा.

आता बॉल २७ वर टेकला आणि २० वरून गेला. १६ फुटांत ७ बोर्ड उजवीकडे, तर ४० फुटांत साडेसतरा. २७ मधून साडेसतरा गेले, साडेनऊ उरले. झकास, पॉकेट.

पुढच्या वेळी पाय नकळत दोन बोर्ड उजवीकडे घसरला. बॉल २५ वर टेकला. ॲरो तोच, २०. आता १६ फुटांत ५ बोर्ड, ४० फुटांत साडेबारा. बॉल पोचला साडेबारावर, हव्या त्या जागेच्या तीन बोर्ड आत. तिथून वळला की ब्रुकलिन.

त्याच्या पुढच्या वेळी पाय दोन बोर्ड डावीकडे राहिला, बॉल २९ वर टेकला. ॲरो पुन्हा २०. ४० फुटांवर बॉल साडेसहावर. एवढ्या लांबून, एवढ्या तिरकस जाणारा बॉल १७.५ बोर्डावरच्या पॉकेटपर्यंत परत येईलच असं नाही. तिथे तुमचा वॉशआउट.

तिन्ही वेळा ॲरो अचूक लागला! थोडक्यात, पाय एक बोर्ड हलला की ब्रेकपॉइंट दीड बोर्ड उलट्या दिशेला हलतो. ॲरो एक बोर्ड चुकला तर ब्रेकपॉइंट अडीच बोर्ड त्याच दिशेला. (बॉल खरं तर तोवर किंचित वळायला लागलेला असतो, पण अंदाजाला एवढं पुरे.)

ऋत्विक_दोनहाती

विनायककाका, भारी! हे कोणीतरी आमच्या सेंटरच्या भिंतीवर लावायला हवं.

पण मग बाहेरून खेळताना हाच गोंधळ का होत नाही? पाय तर तेव्हाही हलतच असणार.

विनायक_कागदपेन्सिल

हलला तर गणित तिथेही तेच. पण दोन गोष्टी वेगळ्या. दुसऱ्या ॲरोवर ताजं ऑइल असताना पॅटर्न चूक सांभाळून घेतो, मेधाताईंनी वर लिहिलंय. आणि तिथे तुम्ही जवळजवळ नाकासमोर चालता, त्यामुळे पाय भरकटायला कारणच नसतं. आत गेल्यावर नजर उजवीकडे लागलेली असते आणि शरीर नजरेच्या मागे जातं.

नलिनी_शिकागो

गणित उत्तम आहे, पण मूळ सल्ल्यालाच माझा विरोध आहे. इतकं आत जायचंच कशाला?

माझं वय साठीच्या पुढे, बॉल १२ पौंडी, हातात फार फिरत (बॉलला गरगर फिरवायची ताकद) नाही. मी चौथ्या ॲरोवरून बाहेर टाकला तर तो परत येतच नाही. आमच्यासारख्यांनी तरुणांचं बघून डावीकडे पळत सुटू नये. दुसऱ्या ॲरोवर कोरडं झालं तर मी कमी वळणारा बॉल काढते, मनगट सरळ ठेवते आणि उलट उजवीकडे, पहिल्या ॲरोच्या बाजूला जाते. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनिअरने पीबीएची (अमेरिकेतल्या व्यावसायिक बोलिंग संघटनेची) ४७ विजेतेपदं मिळवली, आणि त्याची ओळख सरळ, अचूक बॉलची होती, मोठ्या हुकची (वळणाची) नव्हे.

सुमंत, तुमच्या बॉलला फिरत किती आहे ते आधी बघा. कमी असेल तर आतल्या लाईनची भानगड तुमच्यासाठी नाहीच.

ऋत्विक_दोनहाती

नलिनीताई, आदर ठेवून असहमत. कोरड्यावर बाहेर जाऊन सरळ टाकायचा तर नेम तसूभरही चुकून चालत नाही, तिथे कुठलंच ऑइल मदतीला नसतं. शिवाय पॉकेटमध्ये सरळ शिरणारा बॉल पिनांवर आपटून उजवीकडे ढकलला जातो आणि कोपऱ्यातल्या पिना उभ्या राहतात. पॉकेटमध्ये साधारण ६ अंशांनी शिरलेला बॉल सगळ्यात जास्त स्ट्राईक देतो असं मानतात, आणि तेवढा कोन बॉल वळल्याशिवाय मिळत नाही.

जेसन बेलमाँटे बघा. ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावचा, दोन हातांनी टाकणारा, पीबीएच्या मेजर स्पर्धा सर्वात जास्त त्याच्याच नावावर. तो वेळ आली की इतक्या आत जातो की बघणाऱ्याला वाटतं आता शेजारच्या लेनवर उभा राहील.

नलिनी_शिकागो

अरे ऋत्विक, बेलमाँटेची फिरत आणि माझी फिरत! तू तुझ्या जागी बरोबर आहेस. माझा मुद्दा एवढाच की आत जाणं ही सर्वांसाठी एकच पायरी नाही. सुमंतनी ठरवावं.

मेधा_ओहायो

दोघांचंही पटतं. कसोटी सोपी आहे. पॉकेटमध्ये लागूनही १० नंबरची पिन राहत असेल तर ६ नंबरच्या पिनकडे बघा. ती १० च्या गळ्याभोवतून झटक्यात फिरून गेली तर बॉलमध्ये दम आहे, थोडाच फरक करायचाय. ती मरगळून गटारात आडवी पडली तर बॉल पोचेपर्यंत दमलाय. चौथ्या ॲरोवरून सारखी अशी सपाट १० राहत असेल तर आणखी आत जाऊ नका, बॉल बदला किंवा नलिनीताईंचा मार्ग धरा.

सुमंत_जर्सी

सर्वांचे आभार. मेधाताई, तुम्ही विचारलेले आकडे काढायला मोबाईल मागच्या टेबलावर ठेवून व्हिडिओ घेतला. उभा राहतो तेव्हा डावा पाय ३५ च्या ठिपक्यावर. थांबतो तेव्हा कधी ३३, कधी ३१, एकदा तर ३०. बॉल पायाच्या साधारण सहा बोर्ड उजवीकडे टेकतो, त्यामुळे विनायकरावांच्या हिशोबात निदान ब्रुकलिन तरी चपखल बसतं.

नलिनीताई, १० राहते तेव्हा ६ नंबरची पिन जोरात फिरून जाते, म्हणजे बॉलमध्ये दम आहे. तर मी आत जाणारच, पण हा पाय कसा थांबवू?

मेधा_ओहायो

आता खरा उपाय. लोक ॲरोच्या दिशेने चालतात, तिथेच घोळ होतो. तुम्ही जितके उजवीकडे चालाल तितकं कंबर आणि मांडी हाताच्या झोक्याच्या वाटेत येते, हात अंगाला वळसा घालून जातो, आणि मग बॉल कधी आत ओढला जातो, कधी बाहेर फेकला जातो.

खांदे आणि कंबर ब्रेकपॉइंटकडे उघडे ठेवा, म्हणजे उजवा खांदा थोडा मागे. पण पावलं मात्र फाऊल लाईनकडे सरळ, किंवा किंचित डावीकडेच पडू देत. पहिल्या दोन पावलांत डावीकडे राहिलात तर उजव्या बाजूला हाताला मोकळी जागा मिळते. शेवटी झोका खांद्यांच्या रेषेत आपोआप उजवीकडे जातो, हाताने काही करावं लागत नाही.

आणि सरावाच्या वेळी स्कोअर बघू नका. बॉल सोडला की तिथेच तोल धरून थांबा, खाली बघा, पाय कुठल्या बोर्डावर आहे ते मोठ्याने म्हणा. मग वर बघा. बॉल कुठे गेला ते नंतर.

श्रीरंग_पुणे

पुण्यात राहून हे वाचताना हेवा वाटतोय. इथे मॉलमधल्या लेनवर ऑइल कधी घातलं देवाला ठाऊक, आणि मिळणारे बॉल प्लॅस्टिकचे. ते वळतच नाहीत. आम्ही सराव कसा करायचा?

ऋत्विक_दोनहाती

@श्रीरंग_पुणे, प्लॅस्टिकचा बॉल असेल तर उलट बरंच. १० नंबरची पिन घ्या. ती पूर्ण उजव्या कोपऱ्यात. डावीकडे उभं राहून चौथ्या ॲरोच्या आसपासून तिरका, सरळ बॉल टाकून ती पाडायची. खांदे उघडणं, पावलं सरळ ठेवणं, हात खांद्याच्या रेषेत सोडणं, आतल्या लाईनला लागतं ते सगळं यात आहे, फक्त वळण सोडून. ज्याची १० पिन चुकत नाही त्याला आत जायची धास्ती नसते.

सुमंतदादा, तुम्हीही करून बघा. पूर्ण रॅक (दहाही पिना) लावून पहिलाच बॉल १० पिनवर. बाकीच्या पिना पडल्या तर बॉल चुकला.

किरण_दुबई

एक अडचण कोणी बोललं नाही. जोडीतल्या उजव्या लेनवर खेळताना बॉल रिटर्नचं यंत्र आपल्या डाव्या हाताला येतं. ३५ च्या पुढे उभं राहायला जागाच नाही. मी गुडघा आपटून घेतलाय. डाव्या लेनवर मोकळं, उजव्या लेनवर अंग चोरून. एकाच गेममध्ये दोन वेगळे खेळाडू खेळताहेत असं वाटतं.

मेधा_ओहायो

किरण, यंत्राच्या पुढे येऊन उभे राहा आणि पावलं आखूड करा, किंवा पाचाऐवजी चार पावलं घ्या. महत्त्वाचं म्हणजे हे दोन्ही लेनवर करा, फक्त उजव्या नाही. नाहीतर एका लेनवर बॉलचा वेग एक आणि दुसरीवर दुसरा होतो, आणि आपण ऑइलला दोष देत बसतो.

सुमंत_जर्सी

नजरेचा प्रश्न राहिला. ॲरोकडे बघायचं की लांब?

नलिनी_शिकागो

ॲरो. डोळ्यांना जवळचं दिसतं. मी तर कधी कधी ॲरोच्याही अलीकडच्या ठिपक्यांवरून खेळते.

ऋत्विक_दोनहाती

लांब. मी ब्रेकपॉइंटकडेच बघतो, ॲरोकडे फक्त अंदाज. आतून खेळताना ॲरोकडे बघितलं की माझे खांदे बंद होतात.

विनायक_कागदपेन्सिल

कॅरममध्ये कट मारताना आपण आधी सोंगटी कुठे जायला हवी ते बघतो आणि मग तिथून उलट स्ट्रायकरपर्यंत येतो. तसंच इथेही. आधी ब्रेकपॉइंट ठरवा, तिथून उलट ॲरोवर या, तिथून पायावर. काही लेनवर ॲरोच्या पुढे, लांबवर १० आणि १५ बोर्डांवर गडद रेघा असतात, त्यांचा उपयोग करा.

मेधा_ओहायो

मी दोन्ही करते, पण क्रमाने. उभी असताना ब्रेकपॉइंट बघते आणि रेषा डोळ्यांनी मागे ओढत ॲरोपर्यंत आणते. पावलं सुरू झाली की नजर ॲरोवर, आणि बॉल त्यावरून जाईपर्यंत हलवत नाही. आत गेल्यावर लोकांची नजर लवकर उचलली जाते, कारण बॉल परत येतोय का याची काळजी. नजर उचलली की डोकं उचललं, डोकं उचललं की खांदा गेला.

विनायक_कागदपेन्सिल

एक राहिलंच. सुमंतनी पहिल्या पोस्टमध्ये पाय दोन, नजर एक असं लिहिलंय. वरचाच हिशोब लावा. पाय दोन डावीकडे म्हणजे ब्रेकपॉइंट तीन बोर्ड बाहेर. नजर एक डावीकडे म्हणजे अडीच आत. निव्वळ अर्धा बोर्ड बाहेर. एकदा केलं तर काही नाही, पण असं करत करत दुसऱ्या ॲरोवरून चौथ्यापर्यंत आलात तर ब्रेकपॉइंट पाच बोर्ड बाहेर गेलेला असतो! पाय शिस्तीत असूनही बॉल वाहून जाईल.

पाय तीन, नजर दोन केलं तर उलट अर्धा बोर्ड आत येतो. म्हणून एकदा दोन-एक, पुढच्या वेळी तीन-दोन. ब्रेकपॉइंट जागेवर राहतो. कडेजवळचं ऑइलही कमी झालंय आणि बॉल तिथूनही लवकर येतोय असं दिसलं तरच सलग दोन-एक करा.

पराग७७

मी प्रेक्षक म्हणून आलो होतो, आता जवळच्या लीगची चौकशी करतोय. बंपर मागू का? :)

नलिनी_शिकागो

या हो! नवख्यांना हँडिकॅप (सवलतीचे जादा गुण) मिळतो, पहिल्याच वर्षी आमच्यासारख्यांना हरवाल.

सुमंत_जर्सी

कालच्या लीगचं सांगतो. दुसऱ्या गेमपासून फक्त पायाकडे लक्ष दिलं, दोन-एक आणि तीन-दोन आलटून पालटून केलं. पाय ३३ आणि ३४ च्या मध्ये राहिला. ब्रुकलिन जवळपास बंद. तिसऱ्या गेममध्ये डाव्या लेनवर सलग स्ट्राईक लागले, पण उजव्या लेनवर तीच लाईन, तोच पाय, आणि बॉल हेडपिनला उजवीकडून हलका लागत होता. आता हे काय?

मेधा_ओहायो

हे तुमचं नाही, लेनचं आहे. दोन लेन कधीच सारख्या नसतात. नियमाप्रमाणे पृष्ठभागात ०.०४ इंचापर्यंत उंचसखलपणा चालतो, आणि तेवढ्यानेही बॉलची वाट बदलते. त्यात तुमच्या उजव्या लेनवर कोण कुठून खेळलं त्यावर ऑइल ठरतं. प्रत्येक लेनचे आकडे वेगळे लिहून ठेवा. उजव्या लेनवर पाय आणि नजर दोन्ही एक-एक बोर्ड उजवीकडे आणून बघा. तरीही हलका लागला तर पाय तिथेच ठेवून फक्त वेग किंचित कमी करा.

किरण_दुबई

आणि उजव्या लेनवर यंत्रापासून गुडघा सांभाळा. वेग तिथेच वाढतो, घाईघाईने पुढे पळाल्यामुळे. व्हिडिओत दोन्ही लेनवर पहिल्या पावलाचा वेळ मोजून बघा.

सुमंत_जर्सी

@किरण_दुबई, हे डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी दोन्ही लेनचे व्हिडिओ वेगळे घेतो आणि इथे आकडे टाकतो. विनायकराव, तयार राहा.

विनायक_कागदपेन्सिल

टाका. बॉल टेकतो तो बोर्ड, ॲरो आणि जमला तर वेग. तिन्ही लिहा, लेनप्रमाणे वेगवेगळे.